कोणाच्या मार्गदर्शनाखाली

जय भीम. नमस्कार.

सगळे आलात. बारामतीतून, इंदापुरातून, पणदऱ्याहून, निमगाव केतकीहून. सकाळच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून, एसटीत उभं राहून आलात. मागे भिंतीला टेकून ज्या बाया उभ्या आहेत, त्यांनी पुढे या. पुढच्या रांगेत खुर्च्या रिकाम्या आहेत. 'राखीव' असं लिहिलेले कागद काढा आणि बसा. बसा, काही होत नाही.

मला बोलणं जड जातंय. मी शाळेत मराठी शिकवते. बोलणं हेच माझं काम. पण मोठ्या बहिणीबद्दल 'होती' म्हणायचं तर जीभ वळत नाही. मुलांना मी भूतकाळ शिकवते. तो इतका अवघड असतो, हे मला या आठवड्यात कळलं.

विलासराव, तुम्ही आत्ता सूत्रसंचालन करताना म्हणालात की मा. अध्यक्षसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली या शोकसभेचं आयोजन करण्यात आलं आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. दूध संघाच्या कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर ते वाक्य आपोआप बाहेर पडतं. बाहेरच्या फ्लेक्सवरही तेच छापलंय. कोपऱ्यात आक्काचा फोटो, मधोमध साहेबांचा, हात जोडलेला. माझ्यासोबत आमची शेजारीण आलीय. ती फ्लेक्ससमोर थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि हळूच मला म्हणाली, "बाई, नक्की गेलं कोण?"

हसा. हसायला हरकत नाही. आक्का असती तर इतक्या मोठ्यानं हसली असती की बाहेर बांधलेल्या म्हशीनं मान वळवली असती.

साहेब, तुम्हीही हसलात तरी चालेल. पुढचं ऐकताना कदाचित हसू येणार नाही.

मी सांगून टाकते. आज मी सांत्वनाचं बोलायला उभी राहिलेली नाही. घरून निघताना साडी नेसत होते, तेव्हा आरशात माझाच चेहरा मला ओळखू आला नाही. दुःख मला ओळखता येतं. आई गेली तेव्हा ते माझ्या चेहऱ्यावर होतं. आज त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी बसलं होतं. मी स्वतःला विचारलं, बाई, हा सूड आहे का? उत्तर आलं, होय. मग मी पदर खोचला आणि निघाले.

डॉक्टर सुजाता. तुमच्या डॉक्टरबाई. माझी आक्का. या दूध संघाची पशुवैद्यक. आमच्या घरातली पहिली डॉक्टर, मग ती जनावरांची का असेना. हे ती स्वतःच असं म्हणायची आणि वर म्हणायची, "माणसांपेक्षा बरी. खोटं दुखणं सांगत न्हाईत."

ती साधीसुधी बाई नव्हती, हेही आज सांगते, कारण मेल्यावर सगळ्यांना साधं करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. आक्का भांडखोर होती. गोठ्यात जाताना अत्तर लावायची. काळा गॉगल घालून जीप चालवायची. चहात साखर कमी पडली तर यजमानणीला तोंडावर सांगायची. सिंधूताई, तुम्ही मान हलवताय म्हणजे तुम्हालाही सांगितलं असणार. व्हय ना? उसाच्या पट्ट्यात, पणदऱ्यात साखर कमी पडली म्हणजे हद्द झाली, असं म्हणाली असेल.

पण वासरू आडवं आलं की पहिला फोन तिलाच. त्यात एक गोष्ट ती करायची, जी बाकीचे डॉक्टर करत नसत. ती घाईनं स्वतः काही करून मोकळी होत नसे. बाईला बोलायला लावायची. "कालपास्नं काय काय बगितलंस, सांग." बाई सांगायची. गाय कशी उभी राहिली, शेपटी कशी धरली, कुठल्या कुशीवर बसली. आक्का ऐकायची, आणि तेच दुसऱ्या गावातल्या बाईला सांगायची. "निमगावच्या पारूबाईनं असं असं बगितलं होतं, तसंच तुझ्याकडं दिसतंय का बग." प्रत्येक गोष्टीला नाव लावायची. हे पारूबाईचं, हे सिंधूचं, हे अमक्या मावशीचं. मी एकदा विचारलं, "आक्का, एवढी नावं कशाला घेतेस?" ती म्हणाली, "अगं, नाव घेतलं की बाई दुसऱ्या टायमाला आणिक नीट बगती."

एवढंच तिचं शास्त्र होतं.

मग संघानं बोलते निरोप सुरू केले. तुम्हाला आठवत असेल. फोन वाजायचा, उचलला की माहिती ऐकू यायची. कल्पना आक्काची, आवाज आक्काचा. सुरुवातीचे निरोप थेट असायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की यात साहेबांचं नावच नाही. झालं. पुढच्या निरोपापासून आधी साहेबांचा आवाज. "नमस्कार. मी आपला सेवक बोलतोय. आपल्या संघानं माझ्या मार्गदर्शनाखाली..." आणि तिथून पुढं नवी इमारत, नवा टँकर, बोनस, दिवाळीच्या शुभेच्छा. ते सगळं संपल्यावर आक्का.

त्या वर्षी ज्वारी काढून झाल्यावर अवकाळी पाऊस झाला. कापलेल्या धाटांना कोवळे फुटवे आले. हिरवेगार. उन्हाळ्याच्या तोंडावर हिरवं दिसलं की कुणाचाही हात जातो. पण ते फुटवे जनावराला विष असतात. खाल्ले की जनावर थरथरतं, पडतं, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलेलं असतं. आक्कानं त्याच दिवशी निरोप भरून दिला. फुटवे चारू नका, रान नांगरून घ्या. निरोप गेला. आधी साहेबांचा नमस्कार, मग टँकर, मग इमारत.

बायांनी काय केलं? फोन कापला.

पारूबाई इथंच बसल्या आहेत. मी त्यांना नंतर विचारलं, तुम्ही ऐकलं का नाही? त्या म्हणाल्या, "बाई, सायबांचा आवाज आला. आमाला वाटलं इलेक्शन लागलं."

त्यांची गाय त्याच दुपारी गेली. एकट्या त्यांचीच नाही.

साहेब, तुम्हाला ऐकायला वाईट वाटतंय का? मलाही वाटलं होतं. पण थांबा.

आक्कानं मग काय केलं, तर दुसरा निरोप स्वतःच पाठवला. कुणाला न विचारता. सुरुवातीला काही नाही, मधे काही नाही. "बायांनो, मी डॉक्टरबाई. हातातलं ठेवा आणि ऐका." बस. त्यानंतर पुढच्या गावांमधून जनावर गेल्याचा फोन आला नाही.

अशा माणसाचं संस्थेनं काय करायला पाहिजे होतं? मी तुम्हालाच विचारते. तुम्ही सभासद आहात.

संघानं तिला नोटीस दिली. संस्थेच्या शिष्टाचाराचा भंग. वरच्या मजल्यावर बैठक झाली. आक्कानंच मला सगळं सांगितलं होतं, घरी येऊन, माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, नकला करत. एमडी साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही अध्यक्षसाहेबांना कापलंत." आणि आक्का म्हणाली, "साहेब, मी नाही कापलं. माझ्या आधी बायांनीच कापलं होतं."

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं म्हणे. मग अध्यक्षसाहेबांनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि विचारलं, "डॉक्टरबाईंचं बरोबर आहे असं कुणाला वाटतं?"

तिथं कोण कोण होतं ते मला माहीत आहे. त्यातले बरेचसे आत्ता या सभागृहात आहेत. हिरवा शर्ट घातलेले आहेत, पुष्पहार घेऊन आलेले आहेत. मी नावं घेणार नाही. आक्का नावं घ्यायची, पण ती कौतुकानं घ्यायची. मी फक्त एवढं सांगते की त्या दिवशी तुम्ही सगळे गप्प बसलात. ज्यांच्या घरच्या गायी तिनं वाचवल्या होत्या, तेही. ज्यांना तिनं इंजेक्शन कसं धरायचं इथपासून शिकवलं, ते तरुण डॉक्टरही. आक्का मला म्हणाली, "एवढी शांतता मी फक्त शोकसभेत बघितली होती."

आणि मग शिक्षा. ही शिक्षा ज्यानं शोधली, तो माणूस हुशार आहे, हे मला मान्य करावं लागतं.

त्याच्या काही दिवस आधी पुण्याहून एक सल्लागार आले होते. त्यांनी याच सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवली. म्हणाले, ज्ञान ही संस्थेची संपत्ती आहे. ते माणसांच्या डोक्यात अडकून राहणं धोक्याचं आहे, ते बाहेर काढून व्यवस्थेत आणलं पाहिजे. आक्कानं हात वर करून विचारलं, "बाहेर काढून घेतल्यावर डोक्याचं काय करायचं?" सगळे हसले. पण खरं सांगू? तिला ते व्याख्यान आवडलं होतं. ती स्वतः कितीतरी वर्षं मागत होती की संघात एक खोली असावी. तिथं बायांनी यावं, काय बघितलं ते सांगावं, नव्या डॉक्टरांनी ऐकावं. एकीचं दुसरीला कळावं. तसा अर्जही तिनं दिला होता.

तिला ती खोली दिली. दारावर पाटी लावली. ज्ञान व्यवस्थापन कक्ष. खाली बारीक अक्षरात, मा. अध्यक्षसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली. एसी, काचेचं टेबल, फिरती खुर्ची. जीप काढून घेतली. गावांना जाणं बंद. बायांना आत यायचं तर गेटवर पास, आणि पास द्यायला कुणी नाही. तिला शिक्षा म्हणून तिचंच स्वप्न दिलं, आतली माणसं काढून.

माणसाला मारायला असं काही शोधावं लागतं. नुसतं काढून टाकलं असतं तर ती लढली असती. कोर्टात गेली असती, तुम्हाला घाम फोडला असता. पण कुणी पाहुणे आले की साहेब त्यांना तो कक्ष दाखवायला न्यायचे. "आणि या आमच्या डॉक्टर मॅडम. यांच्याकडं सगळं ज्ञान आहे." आक्का उठून उभी राहायची. पाहुणे काचेतून पाहावं तसं तिच्याकडं बघायचे.

मी दुपारच्या सुट्टीत फोन करायचे.

"काय करतेस गं?"

"ज्ञान सांभाळतीये. पळून जाईल म्हणून दार लावून बसलीये."

मी हसायचे. तीही हसायची. तिचं हसणं आखूड होत चाललं होतं. ते माझ्या कानाला कळत होतं. माझ्या बहिणीचं हसणं कुठं संपतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आम्ही एका पांघरुणात झोपलेल्या बहिणी आहोत.

पण बाया तिला सोडतात होय? तिच्या मोबाईलवर फोन सुरू झाले. "डॉक्टरबाई, गाय उठंना झालीया." "डॉक्टरबाई, कास दगडावानी झालीया, बगा की." आक्का त्या काचेच्या टेबलामागं बसून सांगायची. लांबचं असलं तर आवाज भरून पाठवायची. बाया तो आवाज एकमेकींना पाठवायच्या. कक्ष खऱ्या अर्थानं चालू झाला होता, आणि मार्गदर्शन कुणाचंच नव्हतं.

हे वर कळलं. आदेश निघाला. माहितीच्या गोपनीयतेसाठी कक्षात मोबाईल वापरण्यास मनाई.

लक्षात येतंय का तुमच्या? कास कशी धुवायची ही गोपनीय माहिती.

मग आक्का गेटबाहेर जाऊन बोलायला लागली. चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत. रस्त्याच्या कडेला. तिथं झाड होतं, ते रुंदीकरणात गेलं. गेल्या सोमवारी ती तिथंच उभी होती. भर दुपारी. पलीकडून पारूबाई बोलत होत्या. नवी गाय व्याली होती, पण वासरामागून पडणारी वार आतच अडकली होती. आक्का त्यांना समजावत होती. पारूबाईंनी मला तिचं शेवटचं वाक्य सांगितलं. "पाणी कोमट घे गं. गरम न्हाय." त्यानंतर फोन चालू होता, पण आवाज फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचा.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मी ते मान्य केलं. इथं उभं राहून मी असं म्हणणार नाही की तुम्ही माझ्या बहिणीला मारलं. ते खोटं होईल, आणि खोटं बोलून मला तिचा सूड घ्यायचा नाही. मी फक्त एक प्रश्न विचारते. मराठीची बाई आहे, वाक्य पूर्ण असावं असं मला वाटतं. आमच्या घरातल्या मोठ्या माणसाला, बरं आहे की नाही हे कुणीही न विचारता, रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहावं लागलं. साहेब, ती तिथं कोणाच्या मार्गदर्शनाखाली उभी होती?

इमारत तुमच्या मार्गदर्शनाखाली. टँकर तुमच्या मार्गदर्शनाखाली. वासरू जगलं तरी तुमच्या मार्गदर्शनाखाली. मग हेही घ्या की. हे का सोडता? याच्याखाली का सही नाही तुमची?

नका उठू, एमडी साहेब. बसा. माईक बंद केलात तरी मी वर्गात सवय झालेली बाई आहे, शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो माझा.

आमच्या घराच्या भिंतीवर एक तसबीर आहे. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी आहे. त्या माणसाच्या मार्गदर्शनाखाली आमचे वडील शिकले, आम्ही दोघी शिकलो, आक्का डॉक्टर झाली. मार्गदर्शन काय असतं हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. त्यांनी कधी आमच्या पुस्तकावर स्वतःचं नाव घाला म्हणून निरोप पाठवला नाही.

आता साहेबांनी थोड्या वेळापूर्वी भाषणात जे जाहीर केलं, त्याचं उत्तर द्यायचं आहे. ते म्हणाले, त्या कक्षाला डॉ. सुजाता यांचं नाव देऊ. त्यांच्या आवाजातली सगळी माहिती गोळा करून, संघाच्या वतीनं, सुरुवातीला दोन शब्द स्वतः बोलून, घरोघर पोचवू. त्यासाठी कुटुंबानं रेकॉर्डिंग संघाकडं सुपूर्द करावीत. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजतात हे मला नवीन होतं.

साहेब, खोलीला नाव देऊ नका. त्या खोलीत ती रोज थोडी थोडी कमी होत गेली. तिचं नाव तिथं लावायचा हक्क मी कुणाला देणार नाही.

आणि रेकॉर्डिंग. माझी बहीण गेल्यावर तिच्या आवाजाच्या आधी पुन्हा तुमचा आवाज? फुटव्याच्या आधी पुन्हा टँकर? नाही. आमच्याकडं नाहीतच ती. आक्काच्या जुन्या फोनमध्ये जागा नसायची, ती पाठवून पुसून टाकायची. ती सगळी या बायांच्या फोनमध्ये आहेत. या मागे उभ्या होत्या ना, ज्यांच्यासाठी खुर्ची नव्हती, त्यांच्याकडं. तुम्हाला हवी असतील तर एकेकीच्या गोठ्यात जा. चप्पल बाहेर काढा. त्या शेणात बसल्या असतील तर तुम्हीही बसा. त्यांना विचारा, मावशी, डॉक्टरबाईंचा आवाज देता का? त्यांनी दिला तर घ्या. मी मधे येणार नाही.

काय म्हणालात, सिंधूताई? मोठ्यानं बोला, त्यांना ऐकू जाऊ द्या.

"द्यायचं न्हाय."

ऐकलंत? याला टाळ्या नाही वाजवल्या कुणी. बरं झालं.

माझं बोलणं आता संपत आलंय. मघाशी आरशात जे दिसलं होतं ना, ते आता थोडं शांत झालंय. गेलेलं नाही. ते जाऊ नये असंच मला वाटतं. काही गोष्टी माफ केल्या की त्या पुन्हा होतात.

आता सगळ्यांनी उभं राहायचं आहे. शोकसभा आहे, शांतता पाळायची असते. त्या दिवशी वरच्या मजल्यावर तुम्ही जी शांतता तिच्या विरोधात पाळलीत, तीच मला आज परत हवी आहे. फक्त आज ती तिच्यासाठी पाळा.

पारूबाई, या. वर या, घाबरू नका. फोन आणलाय ना? तुमच्या गायीच्या कासेबद्दल तिनं पाठवलेला तो निरोप काढा. हां, तोच. असा माईकजवळ धरा. थोडा वर.

उभे राहा सगळे. साहेब, तुम्हीही.

पारूबाई, लावा. तिच्या आधी कुणीही बोलणार नाही.